एका इंजिनाचा जीर्णोद्धार

घरांतील जुनी वस्तु मोडींत काढावी कीं नीट करून पुन्हां वापरावी, हा प्रश्न प्रत्येक एकत्र कुटुंबांत वर्षांतून दोन-चार वेळां तरी निघतो. पितळेचें घंगाळ, आजोबांचें भिंतीवरील घड्याळ, माजघरांतला शिसवी पलंग, कशावरूनहि तो निघूं शकतो. आणि त्याचा निकाल बहुधा वस्तूचे गुणदोष पाहून न लागतां त्या दिवशीं घरांत कोणाचा आवाज मोठा आहे यावर लागतो. आमच्या घरीं २०२३ सालच्या उन्हाळ्यांत हा प्रश्न एका ट्रॅक्टराविषयीं निघाला. त्या निमित्तानें वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं आम्हांला जें कांहीं शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. त्यांत आमची स्वतःची एक चूकहि आहे. ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं, एवढें आरंभींच सांगून ठेवतों.

आमचें गांव कृष्णाकांठचें. घरची शेती अठरा एकर. ऊंस, हळद आणि थोडी ज्वारी. आमचे वडील बंधू, ज्यांना घरांत सर्वजण दादा म्हणत, त्यांनीं १९७८ सालीं बँकेचें कर्ज काढून मॅसी फर्ग्युसन १०३५ ह्या जातीचा ट्रॅक्टर घेतला. आम्ही तेव्हां नुकतेच मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या नोकरीच्या खटपटींत होतों. गोठ्यांतले दोन्ही बैल विकले गेले त्या दिवशीं आमच्या मातोश्री जेवल्या नाहींत, हें आम्हांस अजून आठवतें. पुढें मात्र त्याच ट्रॅक्टराला दसऱ्याच्या दिवशीं त्या स्वतः हळदकुंकूं लावीत. दादा २००९ सालीं वारले. ट्रॅक्टर राहिला, आणि तो चालविण्याचें काम त्यांच्या एकुलत्या मुलाकडे, म्हणजे आमच्या पुतण्याकडे आलें.

ह्या ट्रॅक्टराचें कुळ थोडेंसें सांगण्याजोगें आहे. हॅरी फर्ग्युसन (१८८४-१९६०) हा आयर्लंडांतील एका शेतकऱ्याचा मुलगा. नांगर हा ट्रॅक्टरामागून फरपटत नेण्याचें ओझें नव्हे. तो तीन सांध्यांनीं ट्रॅक्टराशीं जोडावा, तेलाच्या दाबानें उचलावा व खालीं सोडावा, आणि दोहोंचें मिळून एकच यंत्र व्हावें, ही त्याची कल्पना. तिच्या आधारें इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ ते १९५६ ह्या दहा वर्षांत पांच लाखांहून अधिक लहान करड्या रंगाचे ट्रॅक्टर तयार झाले. एव्हरेस्टवर १९५३ सालीं पाऊल ठेवणारे एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्यें दक्षिण ध्रुवावर पोंचले ते ह्याच जातीच्या ट्रॅक्टरांवर बसून. फर्ग्युसनचा धंदा १९५३ सालीं मॅसी-हॅरिस कंपनींत मिळाला, आणि १९६० सालीं मद्रासेस निघालेल्या कंपनीनें ह्या घराण्याचे ट्रॅक्टर आपल्याकडे बनविण्यास घेतले. इंजिन पर्किन्सच्या घडणीचें. तीन सिलिंडरांचें, सुमारें पस्तीस अश्वशक्तीचें. तेव्हां कृष्णाकांठच्या आमच्या काळ्या रानांत चालणाऱ्या ह्या यंत्राचा पूर्वज ध्रुवावरील बर्फांत चालून आलेला होता, ही गोष्ट आम्ही वर्गांतील मुलांना मोठ्या अभिमानानें सांगत असूं.

इंजिनाला वार्धक्य आलें म्हणजे तें धुरानें सांगतें. काळा धूर निघाला तर डिझेल अधिक व हवा अपुरी आहे असें समजावें. पांढरा निघाला तर डिझेल न जळतां बाहेर पडत आहे किंवा आंत पाणी शिरलें आहे. आणि निळसर निघाला तर वंगणाचें तेलच जळत आहे. आमच्या ट्रॅक्टराचा धूर निळा होता. आठवड्याला दोन-अडीच लिटर तेल तो पिऊन टाकी, आणि थंडीच्या दिवसांत चार माणसांनीं ढकलल्याशिवाय चालू होत नसे.

ह्या दोन तक्रारींचें मूळ एकच. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेलें हें यंत्र केवळ दाबाच्या उष्णतेवर चालतें. सायकलमध्यें हवा भरतांना पंपाचें बूड गरम होतें, हें प्रत्येकानें अनुभविलेलें आहे. तीच गोष्ट येथें मोठ्या प्रमाणावर घडते. सिलिंडरांत घेतलेली हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या भागांत दाबली म्हणजे ती पांचशें अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते, आणि तींत डिझेलचे तुषार सोडतांच आपोआप भडका उडतो. पिस्टनभोंवतीच्या रिंगा व सिलिंडराची भिंत झिजली म्हणजे हवा बाजूनें निसटते आणि पुरेशी तापत नाहीं. त्याच फटींतून खालचें तेल वर चढतें व जळून जातें. ट्रॅक्टर सकाळीं रुसे तो ह्यामुळें, आणि निळा धूर सोडी तोहि ह्यामुळेंच.

मे महिन्याच्या आरंभीं घरांतील मंडळी सुट्टीस जमलीं होतीं, तेव्हां विषय निघाला. पुण्यास नोकरीवर असलेला धाकट्या बंधूंचा मुलगा म्हणाला, "काका, पंचेचाळीस वर्षांचें यंत्र आहे. त्याच्यावर पैसे घालणें म्हणजे वाळूंत पाणी ओतणें. भंगाराच्या भावानें द्या आणि नवा घ्या." त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें होतें असें नाहीं. परंतु नवा ट्रॅक्टर म्हणजे सहा-सात लाखांचें कर्ज. दादांच्या मुलानें वडिलांची आठवण वगैरे कांहीं एक न काढतां कागदावर आंकडे मांडले: इंजिन पुरें बांधावयास पंचावन्न हजार, गिअरपेटी, मागचा आंस व तेलाचा उचलपंप चांगल्या स्थितींत, अठरा एकरांस एवढी शक्ति पुरेशी. आमच्याकडे इंजिनाची दुरुस्ती केली असें कोणी म्हणत नाहीं. इंजिन बांधलें असें म्हणतात. घर बांधावें तसें इंजिन बांधावयाचें. त्यांतहि दोन प्रकार आहेत. नुसतें वरचें काम, म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर व व्हाल्व, तें हाफ इंजिन. आणि खालच्या क्रँकसकट सर्व, तें फुल इंजिन. पुतण्या फुल इंजिनाच्या पक्षाचा होता.

इतका वेळ गप्प बसलेल्या वहिनी उठून आंत गेल्या व एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आल्या. दादांची ट्रॅक्टराची वही. दर शनिवारीं त्यांनीं त्यांत टिपून ठेविलें होतें: किती तास चालला, तेल केव्हां बदललें, हवागाळणी केव्हां धुतली. एकतीस वर्षें हा नेम चालला होता. २००९ च्या पुढें निरनिराळ्या हस्ताक्षरांत नऊ नोंदी होत्या, आणि मग कोरीं पानें. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "ट्रॅक्टर म्हातारा झाला कीं आपण निष्काळजी झालों, तें आधीं पाहा."

त्यांच्या बोलण्यांतील शास्त्र आम्हांस मागाहून कळलें. अशा इंजिनाला नांगरटीच्या वेळीं दर तासाला लागणारी हवा दहा फूट लांब, रुंद व उंच अशा तीन-चार खोल्यांत मावेल इतकी असते. ती शेतांतील धुळीसकट आंत ओढली जाते. जुन्या ट्रॅक्टरांत तिला वाटेंत तेलाच्या वाटींतून जावें लागतें. धूळ तेलांत अडकते आणि स्वच्छ हवा पुढें जाते. परंतु वाटी गाळानें भरली म्हणजे हें अडकविणें थांबतें. धुळींतला गारेचा कण लोखंडाहून कठीण असतो, आणि तो तेलाशीं मिसळला म्हणजे सहाणेवरच्या गंधासारखें उत्तम घासण तयार होतें. दादा ती वाटी दर शनिवारीं, आणि धुळीच्या दिवसांत रोज, धूत. आम्हां मंडळींना ती वाटी कोठें असते हेंहि ठाऊक नव्हतें.

काम करावयास तालुक्याच्या गांवचे मिस्त्री आले. ते आमचे जुने विद्यार्थी. अपूर्णांकांच्या गणितासाठीं ज्यांना आम्हीं वर्गांत अनेक वेळां उभें केलें होतें, तेच आतां इंचाच्या हजाराव्या भागावर पोट भरीत होते, आणि आम्ही त्यांच्या शेजारीं पाटावर बसून शिकत होतों. ते आम्हांला अद्याप गुरुजी म्हणत; परंतु त्या पंधरा दिवसांत गुरु कोण व शिष्य कोण ह्याविषयीं आमच्या मनांत संशय राहिला नाहीं.

बैलगाडीस साटा असतो, मोटारीस सांगाडा असतो. ह्या जातीच्या ट्रॅक्टरास तो नसतो. इंजिनाचा ओतीव ठोकळा हाच त्याचा कणा. पुढचा आंस इंजिनाला जोडलेला, इंजिन गिअरपेटीला व गिअरपेटी मागच्या आंसाला. १९१७ सालीं निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरानें ही रचना रूढ केली. म्हणून इंजिन बाहेर काढावयाचें तर ट्रॅक्टर मध्यभागीं दुभागावा लागतो. गोठ्याच्या आढ्याला सांखळीचा कप्पा टांगला, मागच्या धडाखालीं लाकडी ठोकळे दिले, आणि पुढचा भाग हळूहळू ओढून वेगळा केला. तो तसा दोन तुकड्यांत पडलेला पाहून वहिनींनीं दार लावून घेतलें.

संस्कृत श्लोक लावतांना आधीं पदें सुटीं करावीं, मग प्रत्येक पद ओळखावें, मग अन्वय लावावा, असें आम्हीं जन्मभर शिकविलें. इंजिन उघडण्याची रीति ह्याहून वेगळी नाहीं. पुतण्यानें दोन जुन्या पराती व बिस्किटांचे रिकामे डबे मांडले, आणि आमच्याकडे काम आलें तें चिठ्ठ्या लिहिण्याचें. कोणता बोल्ट कोठला, कोणती पुशरॉड कितवी, कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरांतला, हें सर्व आम्हीं सुवाच्य अक्षरांत लिहून बांधलें. क्रँकला धरून ठेवणाऱ्या बेअरिंगच्या टोप्यांविषयीं मिस्त्रींनीं विशेष बजाविलें. कारखान्यांत टोपी ठोकळ्यावर घट्ट आवळून मग त्या जोडीचें भोंक एकत्र कोरलेलें असतें. म्हणून प्रत्येक टोपी आपल्याच जागीं व आपल्याच दिशेनें बसली पाहिजे. तिची जागा बदलली किंवा ती उलटी बसली तर भोंक गोल राहत नाहीं.

मग मोजमाप. आमच्याकडील सुतार सूत हें माप वापरतात. इंचाचे आठ सूत. मिस्त्रींचें माप थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एका सुतांत सव्वाशें थाउ. माणसाचा केंस सुमारें तीन थाउ जाड असतो. सिलिंडराची भिंत वरच्या टोंकाशीं चौदा थाउ झिजलेली निघाली, खालच्या टोंकाशीं केवळ तीन. असें कां, हें आम्हीं विचारलें. उत्तर मिळालें तें असें: स्फोटाचा दाब रिंगांना मागून भिंतीवर रेटतो व तो वरच्या टोंकाशीं सर्वांत अधिक असतो; उष्णता तेथेंच सर्वांत जास्त; आणि पिस्टन क्षणभर तेथें थांबून मागें फिरतो, त्या क्षणीं तेलाचा पातळ थर तुटतो. हवेबरोबर आलेली धूळहि आधीं तेथेंच गांठते. क्रँकच्या ज्या मनगटांवर पिस्टनचे दांडे फिरतात, तीं चार थाउ लांबट झालीं होतीं. कारण स्फोटाचा मार नेहमीं एकाच अंगावर बसतो. दादांची वही आणि हे आंकडे एकमेकांशीं तंतोतंत जुळले. यंत्र वयानें झिजलें होतें थोडें. आमच्या हयगयीनें झिजलें होतें फार.

ठोकळा व क्रँक लेथवर गेले. जुने लायनर काढून नवे दाबून बसविले व मापास कोरले. शेवटीं त्यांच्या भिंतीवर एकमेकांस छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पाडल्या. त्या रेघा शोभेच्या नव्हत. त्यांत तेल धरून राहतें. क्रँक दहा थाउ घासून पुन्हां गोल केला. येथें एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. क्रँक घासला म्हणजे तितक्याच जाड बेअरिंगच्या पट्ट्या लागतात, आणि त्या बाजारांत दहा, वीस व तीस थाउ अशा पायऱ्यांनींच मिळतात. म्हणजे क्रँकचें आयुष्य बहुधा तीन घासण्यांचें. प्रत्येक घासणीबरोबर एक पायरी कायमची खर्च होते.

क्रँक लेथवरून परत आला तो मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत. पावसाच्या आंत उन्हाळी नांगरट व्हावयाची होती, भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नव्हता, आणि आमचा जीव टांगणीस लागला होता. आम्हीं एक बरा दिवस पाहून त्या दिवशीं इंजिन चालू झालेंच पाहिजे, असें सर्वांस सांगून टाकलें. आदल्या दिवशीं मिस्त्री दुसऱ्या गांवीं गेले होते. पुतण्या म्हणाला, "काका, आणखी एक दिवस द्या. क्रँकच्या पोटांतल्या तेलवाटा आंतून धुवून काढावयाच्या आहेत. घासतांना जो चुरा पडतो तो त्यांत बसतो. तारेचा ब्रश तालुक्याहून आणावा लागेल."

आम्हीं विचारलें, "बाहेरून धुतला आहे ना?"

"बाहेरून चार वेळां धुतला आहे."

"मग पुरे. प्रत्येक गोष्टींत एवढा घोळ घातला तर पाऊस थांबणार आहे कां?"

तो कांहीं बोलला नाहीं. तेहतीस वर्षांचा मुलगा. परंतु आमच्यापुढें उलटून बोलण्याची त्याला संवय नाहीं, आणि ती नाहीं ह्याचा आम्हांला तोंवर अभिमानच वाटत आला होता. त्यानें रॉकेलची धार सोडून जमेल तितक्या वाटा धुतल्या, आणि दुसऱ्या दिवशीं इंजिन मिटलें.

बाकीचें काम मात्र चोख झालें होतें. रिंग सिलिंडरांत सरळ बसवून तिच्या दोन टोंकांमधली फट पात्यांनीं मोजली. सिलिंडराच्या दर इंच व्यासाला तीन ते चार थाउ हा सामान्य नियम. ती ठेवली नाहीं तर तापल्यावर रिंगेचीं टोंकें भिडतात व रिंग तुटते. हेडचे नट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत, दाब दाखविणाऱ्या पान्यानें आवळले. चालू करण्यापूर्वीं डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतें फिरविलें व तेलाचा कांटा वर चढला हें पाहिलें. मग डिझेल सोडलें. दुसऱ्याच फेऱ्याला तें पेटलें, आणि धुराड्यांतून निळ्या धुराचा लवलेशहि निघाला नाहीं. वहिनींनीं नारळ फोडला. आम्हीं पुण्यास फोन करून चार शब्द ऐकविले, हेंहि कबूल केलें पाहिजे.

नवव्या दिवशीं पुतण्या नांगरट अर्धी टाकून घरीं आला. तेलाचा कांटा खालीं उतरूं लागला होता आणि इंजिनाच्या पोटांतून बारीक टक्-टक् ऐकूं येत होतें. तो ऐकतांच त्यानें इंजिन जागच्या जागीं बंद केलें होतें. तसें न करतां तो बांधापर्यंत जरी चालवीत गेला असता तरी क्रँक कामांतून गेला असता, असें मिस्त्रींनीं मागाहून सांगितलें.

खालचें तेलाचें चेंबर उघडलें. बेअरिंगच्या नव्या पट्ट्यांवर वर्तुळाकार चरे पडले होते, आणि उन्हांत धरल्यावर त्यांत बारीक कण चमकत होते. पट्टीचा वरचा थर मुद्दामच मऊ धातूचा केलेला असतो. एखादा दुसरा कण आला तर तो पोटांत घेऊन क्रँकला वांचवावा, ही त्याची योजना. पण कण फार झाले म्हणजे तीच पट्टी कानशीचें काम करते. तेलवाटांत अडकलेला चुरा तेल गरम व पातळ झाल्यावर सुटला होता आणि सरळ बेअरिंगांत गेला होता. मिस्त्रींनीं पुतण्याकडे पाहून विचारलें, "वाटा ब्रशानें काढल्या नव्हत्या?" तो म्हणाला, "राहून गेल्या."

राहून गेल्या! आम्ही तेथें उभे होतों. त्या क्षणीं बोलावयास पाहिजे होतें, बोललों नाहीं. दोन दिवस गांवांत चर्चा झाली कीं बापानें जपलेला ट्रॅक्टर मुलानें घालविला. पुण्याहून फोन आला, आणि त्यांतहि तोच सूर. वहिनींनीं मुलाला कांहीं म्हटलें नाहीं, परंतु त्याच्या ताटांत वाढतांना त्यांचा हात थरथरत होता. चाळीस वर्षें आम्हीं मुलांना खरें बोला म्हणून शिकविलें, आणि आपल्या घरांतल्या मुलाच्या मौनाआड दोन दिवस लपून राहिलों.

तिसऱ्या दिवशीं रात्रीं सर्व मंडळी जेवावयास बसलीं असतां आम्हीं सांगून टाकलें. "तेलवाटा धुण्यासाठीं त्यानें एक दिवस मागितला होता. आम्हीं दिला नाहीं. चूक आमची आहे, त्याची नाहीं. आणि ही गोष्ट गांवांतहि आम्हीच सांगणार आहोंत." कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें वहिनी म्हणाल्या, "भाजी घ्या." पुतण्यानें मान वर केली नाहीं, पण त्या रात्रीं तो बऱ्याच दिवसांनीं पोटभर जेवला.

दुसऱ्या वेळेचें काम सावकाश झालें. क्रँक पुन्हां घासावा लागला: दहावरून वीस थाउ. जी पायरी वीस वर्षांनीं उतरावयाची, ती आमच्या घाईनें नऊ दिवसांत उतरली. वरखर्च चौदा हजार रुपये आला. परंतु पैसा पुन्हां मिळवितां येतो, क्रँकचे दहा थाउ येत नाहींत. ह्या खेपेस पुतण्यानें एक संपूर्ण दिवस तेलवाटांना दिला. तारेचा ब्रश घालावयाचा, रॉकेल सोडावयाचें, हवेचा झोत द्यावयाचा, आणि बाहेर पडलेलें रॉकेल पांढऱ्या फडक्यावर धरून पाहावयाचें. चमचम दिसली कीं पुन्हां पहिल्यापासून. सातव्या खेपेला फडकें स्वच्छ राहिलें. तें फडकें धरावयाचें काम आम्हीं मागून घेतलें होतें. ठोकळ्यांतल्या वाटा, तेलाचा पंप, गाळणीची बैठक, सर्व तसेंच झालें. बेअरिंगमधली फट मोजण्यासाठीं मेणासारख्या मऊ धाग्याचा तुकडा क्रँकवर ठेवून टोपी आवळली, पुन्हां काढली, आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी कागदावरच्या मापाशीं ताडून पाहिली: दोन थाउ. प्रत्येक टोपी आवळल्यावर क्रँक हातानें फिरवून पाहिला. कोठें अडला तर तेथेंच थांबावयाचें, पुढें जावयाचें नाहीं.

इंजिन २० जूनला चालू झालें. ह्या वेळीं मुहूर्त पाहिला नव्हता.

नवें बांधलेलें इंजिन कसें वापरावें, ह्याविषयीं एक गैरसमज सर्वत्र आहे, तो येथें दूर करितों. पहिले पन्नास तास त्याला जपावयाचें म्हणून कित्येक लोक तें तासन् तास नुसतें सुरू ठेवतात. हें घातक आहे. रिंगा भिंतीशीं जुळून यावयास थोडा दाब लागतो. भारावांचून फिरत राहिलें तर भिंत कांचेसारखी गुळगुळीत होते, रेघा बुजतात आणि तेल पुन्हां वर चढूं लागतें. म्हणून मध्यम भाराचें काम द्यावें, भार मधून मधून बदलावा, पूर्ण जोर मात्र लावूं नये. पन्नास तासांनीं तेल व गाळणी बदलावी, हेड पुन्हां आवळून व्हाल्वची फट तपासावी. आणि हवागाळणीची वाटी धुळीच्या दिवसांत रोज पाहावी. इंजिनाचें आयुष्य तिच्यावर जितकें अवलंबून आहे तितकें महागड्या तेलावरहि नाहीं.

जुनी वस्तु ठेवावी कीं टाकावी ह्याचा सामान्य नियम आम्हांस सांगतां येणार नाहीं. जेथें सुटे भाग मिळत नाहींत, ठोकळ्यासच तडा गेला आहे, किंवा गिअरपेटीहि तितकीच जीर्ण आहे, तेथें पुण्याच्या पुतण्याचाच सल्ला योग्य. परंतु ठेवावयाची असें एकदां ठरलें, तर तिला लागेल तितका वेळ देण्याची तयारी हवी; आणि घरांत जो ती स्वतःच्या हातानें उघडीत आहे, त्याचा शब्द त्या कामापुरता वडीलधाऱ्याच्या शब्दाहून मोठा मानला पाहिजे. आमच्या घरांत हें मानावयास दहा थाउ लोखंड खर्च झालें.

त्यानंतर दोन हंगाम ट्रॅक्टर बिनतक्रार चालला. थंडींतहि ढकलावा लागला नाहीं. दादांची वही पुन्हां सुरू झाली आहे. २००९ नंतरचीं कोरीं पानें पुतण्यानें तशींच ठेविलीं आणि पुढच्या पानावर ठोकळ्याचीं, क्रँकचीं व बेअरिंगचीं सर्व मापें लिहिलीं. नऊ दिवसांच्या नांगरटीपुढें त्यानें केवळ "बेअरिंग खराब, पुन्हां उघडलें" एवढेंच लिहिलें होतें. कारणाची जागा रिकामी होती. ती आम्हीं आमच्या अक्षरांत भरली: "तेलवाटा धुतल्या नव्हत्या. धुवूं दिल्या नाहींत." आणि खालीं सही केली.